मंगळवारपासून फेडोरा

मंगळवारी उबुंटू पुसलं.
अकरा वर्षं होतं. मधे मधे नवं व्हायचं,
पण नाव तेच, आणि बोटंही माझी तीच.
इर्शाद म्हणाला, ताई, हे एकदा वापरून तरी बघा,
आणि चहा निवायच्या आत पेन ड्राइव्ह काढून
मिरजेची बस धरून गेलासुद्धा.

गणपती पेठेत दुकान माझं, आठ बाय दहा.
पलीकडे हळदीचा अडत्या.
कीबोर्ड उलटा करून झटकला
तर एका फोडणीपुरती हळद निघेल.
सौद्याच्या पट्ट्या, बारशाची कार्डं,
वास्तुशांत, दहावा, भिशीचे नियम,
सगळं या दहा बोटांतून जातं.

बुधवारी कुलूप काढलं, उदबत्ती लावली,
आणि टर्मिनल उघडून लिहिलं, अ‍ॅप्ट.
उत्तर आलं, असली कमांड सापडली नाही.
पुन्हा लिहिलं, जरा जोरात कळ दाबून,
पहिल्यांदा ऐकू गेलं नसेल म्हणून.
अ‍ॅप्टला मी मनात आप्त म्हणायचे.
पत्रिकेत रोज लिहिते ना, आप्तेष्टांसह यावे,
तसं ते यायचं, सगळं सामान घेऊन.
इथे डीएनएफ म्हणायचं.
तीन अक्षरं, एकात स्वर नाही.
कुठल्या खात्याच्या कचेरीचं नाव असावं असं.

डावीकडची पट्टी गेली.
हात जातो, रिकाम्या भिंतीवर आपटतो,
फडताळ हलवल्यावर जातो तसा.
खिडकी खाली ठेवायची खूणच नाही.
उघडी ठेवा, नाहीतर मिटा.
मधलं काही चालायचं नाही.
आमच्या थोरल्या जाऊबाई अशाच.
त्यांच्याशी जमायला मला सात वर्षं लागली,
आणि त्यांना नऊ.

गुरुवारी जतकडचं काम.
उत्तरकार्याची चाळीस पत्रं, काळी चौकट,
संध्याकाळी मलगोंडा बिराजदार न्यायला आले.
एक पत्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ आणलं.
म्हणाले, ताई, हे दर्याप्पा काय?
आमच्या म्हाताऱ्यानं आख्ख्या जल्मात
दर्या बघितला न्हाई.
टँकरमागं पळण्यात गेला त्यो.

उत्तरकार्यातला र्य बरोबर होता.
दऱ्याप्पातला चुकला.
माझी बोटं जुन्या नकाशावर चालली होती,
आणि तिथला तो आडवा, पापणीएवढा र
या घरात कुठे ठेवलाय हे मी विचारलंच नव्हतं.

बिराजदार रागावले नाहीत.
बाकावर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली.
त्यामुळेच जास्त लागलं.

इर्शादला फोन केला.
मागे कानशीचा खरखर आवाज,
त्याचे चाचा तंबोरा घेऊन बसलेले.
तो म्हणाला, वाद्य तेच असतं ताई,
पण घोडी बदलली की जवारी परत काढायला लागते.
घासायचं, ऐकायचं, परत घासायचं.
मी म्हटलं, तत्त्वज्ञान राहू दे, माणूस समोर बसलाय.
मग त्याने सांगितलं, मी लिहिलं,
सुडो, डीएनएफ, इन्स्टॉल,
पुढे एक लांबलचक नाव, दोनदा चुकून.
रेषा सरकत गेल्या. उठून पंखा बंद केला,
का ते माहीत नाही.

मग एक कळ, दुसरी कळ,
आणि य च्या डोक्यावरून उतरून
र बाजूला येऊन नीट आडवा झाला.
दऱ्याप्पा.
बिराजदार स्क्रीनपाशी वाकले,
बापाचं नाव एकदा वाचलं, मोठ्याने,
आणि म्हणाले, हां. हे आमचं.

पैसे चाळीसचेच घेतले.
चुकीची पत्रं मागून कोरी आहेत,
हिशेबाला होतील.

रविवारी विश्रामबागेत बहिणीकडे.
भाच्याचा लॅपटॉप अडलेला, त्यावर उबुंटू, जुनंच.
माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, सरक, हे माझं आहे.
आणि त्याच्यासमोर, ऐटीत,
लिहिलं
डीएनएफ.